ओवी दाखवणाऱ्याला अध्याय विचारा



गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्या समाजातल्या चार जणांनी मला वेगवेगळ्या ठिकाणी एकच प्रश्न विचारला. "काका, तुम्ही पवित्र शास्त्राचा अधिकार मानता की नाही?" विचारण्याचा सूर असा, की मी जणू तारणाचं कर्ज घेऊन हप्ते चुकवलेत! कारण एवढंच, की बाहेरगावाहून येऊन आमच्या लोकांत सभा घेणाऱ्या एका उपदेशकाबद्दल मी उघड बोललो. त्या सगळ्यांना इथेच उत्तर देतो, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. मानतो. पूर्ण मानतो. आणि मानतो म्हणूनच एक ओवी उचलून माणसाला धाक घालणाऱ्याचा अधिकार मानत नाही.

मी बेळगावचा. बी. कॉम. झालो नि उभा जन्म बँकेत गेला. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पण दस्तऐवज कसा वाचायचा हे नोकरीने शिकवलं. ग्रुपवर हिंदू, जैन, मुसलमान वाचकही आहेत, त्यांच्यासाठी आधीच सांगून ठेवतो: आम्ही मराठी ख्रिस्ती लोक बायबलला पवित्र शास्त्र म्हणतो आणि त्यातल्या क्रमांक घातलेल्या वाक्यांना ओव्या किंवा वचनं म्हणतो. ज्ञानेश्वरीच्या ओवीशी त्याचा छंदाने संबंध नाही, पण शब्द तोच. मला तो शब्द फार आवडतो.

आता मी कशाबद्दल बोललो ते सांगतो. नावं, पत्ते काढणार नाही.

पहिली गोष्ट. ओळखीतल्या एका गृहस्थांना बरीच वर्षं मधुमेह. इन्शुलिन चालू होतं. सभेत त्यांना सांगितलं गेलं, की वडिलांनी तेल लावून प्रार्थना केली की आजारी माणूस बरा होतो असं याकोबाच्या पत्रात लिहिलंय, मग सुई कशाला? सुई म्हंजे अविश्वास. त्यांनी इन्शुलिन बंद केलं. पायाला जखम झाली, चिघळली, आणि शेवटी घोट्याच्या वर पाय काढावा लागला. त्यानंतर त्यांना काय सांगण्यात आलं माहिती आहे? तुमचा विश्वास कमी पडला.

दुसरी गोष्ट. एक विधवा बाई. नवऱ्याच्या फंडाचे पैसे मुदत ठेवीत. व्याजावर घर चालायचं. मलाखीच्या पुस्तकातली दशमांशाची ओवी तिला इतक्या वेळा ऐकवली, की तिने मुदतीआधी ठेव मोडली. ती माझ्याकडे आली ती ठेव मोडल्यावर, व्याज कमी का मिळालं हे विचारायला. मुदतीआधी मोडली तर दंड बसतो, ते मी समजावलं. बाकीचं समजावायला माझ्याकडे शब्द नव्हते.

तिसरी गोष्ट लहान वाटेल. एका घरी प्रार्थनासभेत शाळेतून निवृत्त झालेल्या बाई शास्त्रावर दोन शब्द बोलायला उठल्या. एक तरुण ब्रदर म्हणाला, "बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं लिहिलंय, बसा." चाळीस वर्षं पोरांना शिकवलेली बाई. बसली.

तिन्ही ठिकाणी ओवी खरीच आहे. कोणी खोटी छापून आणली नव्हती. म्हणून तर भांडण अवघड आहे. खोटी नोट ओळखणं सोपं. खरा चेक चुकीच्या खात्यावर वटवला, तर तो शोधायला हिशेब बघावा लागतो.

बँकेत माझ्यासमोर गहाणखतं, हमीपत्रं, मुखत्यारपत्रं हजारांनी आली. एखादा कर्जदार यायचा आणि म्हणायचा, "साहेब, सातव्या कलमात लिहिलंय की मुदत वाढवून मिळेल." होय की, लिहिलंय. पण कोणत्या अटींवर ते आठव्यात लिहिलंय, आणि कोणाच्या परवानगीने ते अकराव्यात. पूर्ण कागद वाचल्याशिवाय एका कलमावर सही करणारा अधिकारी बडतर्फच व्हायचा. दुसरं, मुखत्यारपत्र. कोणी माझ्यासमोर येऊन म्हणाला, "मी मालकाच्या वतीने बोलतो," तर माझा पहिला प्रश्न, "तुम्हाला अधिकार किती दिलाय ते दाखवा." मालकाचा अधिकार मोठा आहे म्हणून मुखत्याराचा आपोआप मोठा होत नाही. देवाच्या वतीने बोलतो म्हणणाऱ्याला हाच प्रश्न विचारायला आपण का घाबरतो?

लोक म्हणतात, काका, शास्त्राला बँकेचे नियम लावू नका. बरं, नको. शास्त्राचेच लावू.

मत्तयाच्या चौथ्या अध्यायात येशूची परीक्षा होते. सैतान त्याला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक. आणि आधाराला काय देतो? शास्त्रवचन! स्तोत्रसंहितेतलं ९१वं स्तोत्र, देवदूत तुला हातांवर झेलतील वगैरे. ओवी खरी, पाठ अचूक. येशू काय करतो? ते वचन खोटं आहे असं तो म्हणत नाही. माझा विश्वास मोठा म्हणून उडीही टाकत नाही. शास्त्रातच दुसरंही काही लिहिलंय असं तो दाखवतो, देवाची परीक्षा पाहू नये हे. अनुवादाच्या पुस्तकातलं. एका ओवीला त्याने शास्त्राच्या बाकी भागासमोर उभं केलं. आमच्या त्या गृहस्थांना इन्शुलिन बंद करायला सांगणं म्हणजे शिखरावरून उडी मार सांगणंच होतं. फरक इतकाच, की झेलायला देवदूत आले नाहीत, आणि सांगणारा पुढच्या गावी निघून गेला.

याकोबाची ती ओवी पुरती वाचा. तिथे आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं आहे. त्याला ओळखणाऱ्या, रोज त्याच्या दारावरून जाणाऱ्या माणसांना. औषध सोडा हा शब्द त्या अध्यायात कुठेच नाही. त्या काळात तेल हे औषधही होतं. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततात ते काय उगाच? यशयाच्या ३८व्या अध्यायात हिज्कीया राजा मरायला टेकलाय, देव त्याची प्रार्थना ऐकतो, आणि त्याच अध्यायात गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलंय. प्रार्थनाही आणि लेपही. पौल तीमथ्याला त्याच्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो. तुझा विश्वास कमी आहे असं म्हणत नाही. त्रफिमाला त्याने मिलेतात आजारी सोडलं, हे तो स्वतः लिहितो. आणि त्याच्याबरोबर फिरणारा लूक कोण? वैद्य. कलस्सैकरांच्या पत्रात तसा उल्लेखच आहे. पौलाच्या सोबत वैद्य चालतो, आणि आमच्या सभेत डॉक्टर चालत नाही!

आमच्यातले बरेच जण मेथोडिस्ट परंपरेतले, म्हणून जॉन वेस्लीचं सांगतो. आपण एकाच पुस्तकाचा माणूस असावं असं म्हणणारा हा वेस्ली. त्यानेच १७४७ साली गोरगरिबांसाठी घरगुती औषधोपचारांचं पुस्तक काढलं, आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. एका पुस्तकावर विश्वास ठेवणाऱ्याला औषधाचं पुस्तक लिहिताना अडचण वाटली नाही.

आता मलाखी. तिसऱ्या अध्यायातली दहावी ओवी सगळ्यांना पाठ. दशमांश भांडारात आणा, मग आशीर्वाद पाहा. त्याच अध्यायातली पाचवी ओवी किती जणांना पाठ आहे? तिथे देव म्हणतो, की मी न्याय करायला येतो, आणि कोणाविरुद्ध? खोटी शपथ वाहणाऱ्यांविरुद्ध, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथांना छळणाऱ्यांविरुद्ध. पाच ओव्यांचं अंतर. एका पानावर दोन्ही. दहावी वाचून विधवेची ठेव मोडायला लावली, आणि पाचवी झाकली. याला शास्त्राचा अधिकार म्हणायचं?

दशमांशाचा पैसा जातो कुठे, तेही शास्त्रात आहे. अनुवादाच्या १४व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायला सांगितलाय, लेव्यांसाठी, आणि परका, अनाथ, विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. म्हंजे विधवा ही दशमांश खाणाऱ्यांच्या यादीत आहे. आमच्याकडे ती देणाऱ्यांच्या यादीत पहिली!

मग कोणी मार्कातली गरीब विधवा आणतं, दोन टोल्या टाकणारी, आपली सगळी उपजीविका देणारी. छान. १२वा अध्याय काढा. ती गोष्ट ४१व्या ओवीला सुरू होते. ४०व्या ओवीत काय आहे? विधवांची घरं गिळंकृत करणारे आणि ढोंगाने लांबलचक प्रार्थना करणारे शास्त्री, आणि त्यांना होणारी शिक्षा. मार्काने या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्यात. एक वाचून दुसरी न वाचणं म्हणजे जमेची बाजू दाखवून नावेची बाजू झाकणं. असा ताळेबंद माझ्याकडे आला असता तर मी परत पाठवला असता.

आणि सातव्या अध्यायातलं कुर्बान तर कोणी सांगतच नाही. आईवडिलांना द्यायचा पैसा देवाला अर्पण केला असं जाहीर करून मोकळं होणाऱ्यांना येशू सरळ सुनावतो, की तुम्ही परंपरेपायी देवाचं वचन रद्द करता. आईच्या औषधाचे पैसे अर्पणाच्या पाकिटात घालणाऱ्या मुलांनी तो अध्याय वाचावा.

तिसरी गोष्ट, बायकांचं गप्प बसणं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात ते आहे. त्याच पत्राच्या ११व्या अध्यायात बाईने प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं की नाही याची चर्चा आहे. आता तुम्हीच सांगा, बाई सभेत गप्पच असेल तर संदेश कधी देणार? तीन अध्यायांत पौल आपलंच विसरला? की १४व्यातला प्रश्न त्या मंडळीतल्या गोंधळाचा होता? विद्वान यावर वाद घालतात, घालू देत. पण रोमकरांच्या १६व्या अध्यायात हाच पौल किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो. प्रेषितांच्या कृत्यांत प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विल्ला अपुल्लोससारख्या विद्वानाला घरी नेऊन नीट शिकवतात. आणि योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगायला येशू पाठवतो कोणाला? मग्दालीया मरियेला. ती त्या दिवशी "बसा" म्हणून बसली असती तर आम्ही ईस्टर कसला साजरा केला असता?

माझी आजी बायबल-बाई होती. नव्या पिढीला हा शब्द माहीत नसेल. मिशनच्या काळात घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बाया असायच्या. आजी लग्नानंतर वाचायला शिकली. बोट ओळीखालून फिरवत वाचायची, एखादा शब्द अडला की मागे जाऊन वाक्य पुन्हा पहिल्यापासून. घाई नाही. माझ्या लहानपणी संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेला तिचा एक नियम होता, अध्याय सुरू केला की संपवायचा. मधूनच आवडती ओवी काढून वाचली तर म्हणायची, "अरे, पत्र आलं तर मधलीच ओळ वाचतोस काय?" त्या शास्त्राच्या कोऱ्या पानावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, मृत्यू लिहिलेले होते. आमचा अख्खा वंश त्या पुस्तकात नोंदलेला.

हे पुस्तक आमच्या हातात आलं कसं, ते आपण विसरलोय, म्हणून थोडा इतिहास. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली रायतूरला ख्रिस्तपुराण छापलं. मराठीत, रोमन लिपीत, सुमारे ११ हजार ओव्या. सुंदर ग्रंथ आहे. पण ते बायबल नव्हतं. बायबलची कथा पुराणाच्या रूपात सांगितली होती, कारण त्या काळात कॅथलिक मंडळी लोकभाषेतलं बायबल सर्वसामान्यांच्या हाती सहसा देत नसे. मराठी माणसाच्या हातात नवा करार यायला आणखी जवळपास दोनशे वर्षं गेली. श्रीरामपूरला विल्यम केरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ साली मत्तयाचं शुभवर्तमान आणि १८११ साली पूर्ण नवा करार मराठीत छापला. (हे श्रीरामपूर बंगालमधलं, नगर जिल्ह्यातलं नव्हे.) कॅथलिक मंडळीनेही १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत शास्त्र सर्व विश्वासणाऱ्यांसाठी खुलं असावं असं लिहून ठेवलं. थोडक्यात, आमच्या सर्वांच्या पूर्वजांना जे सहज मिळालं नाही ते आमच्या घरात कपाटावर पडलंय.

आपल्या बेळगावचंच घ्या. १८२० साली इथे लंडन मिशन आलं. १८३१ साली इथेच बाबा पदमनजी जन्मले, ते इथल्या मिशन शाळेत शिकले. वर्षानुवर्षं वाचून, शंका काढून, मुंबईच्या परमहंस सभेत वावरून, मग १८५४ साली बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचं आत्मचरित्र अरुणोदय वाचा. घर तुटलं, जात तुटली. एका रात्रीत कोणाच्या धाकाने झालेलं ते परिवर्तन नाही. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. टिळक वाचत बसले, मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि पंडिता रमाबाई! कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचायला सांगितले तेव्हा त्या चकित झाल्या, कारण स्त्रीने वेद वाचायचे नाहीत असंच त्या शिकल्या होत्या. ग्रंथ मोठा, पण हात लावायला बंदी, म्हणजे अधिकार ग्रंथाचा राहत नाही, राखणदाराचा होतो, हे त्यांना चांगलं कळलं होतं. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या सिस्टर मंडळींनी मंडळीची शिकवण जशीच्या तशी मान म्हटलं, तेव्हाही त्या ऐकेनात. मी शास्त्र स्वतः वाचणार आणि विवेकबुद्धीला पटेल ते मानणार, अशी त्यांची भूमिका त्यांच्या पत्रव्यवहारात स्वच्छ दिसते. पुढे केडगावला मुक्तिसदनात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली काम हातावेगळं केलं आणि गेल्या. १९२४ साली ते छापून निघालं. कशासाठी केला हा खटाटोप? खेड्यातल्या बाईला मधला माणूस न घेता कळावं म्हणून. त्या रमाबाईंच्या मराठीत आता बाईला "बसा" म्हणतात. लाज वाटते बघा.

माझं म्हणणं इथे येतं. शास्त्राचा अधिकार या शब्दांचा अर्थ आमच्या पूर्वजांसाठी हा होता: आता पाळक असो, मिशनरी असो, पोप असो, त्याने सांगितलेलं मी पुस्तक उघडून तपासू शकतो. १५२१ साली वर्म्सच्या दरबारात ल्यूथरने हेच मागितलं, की शास्त्राच्या पुराव्याने किंवा उघड युक्तिवादाने मला पटवा. युक्तिवाद हा शब्दही त्याने तिथे वापरला होता, हे विसरू नका. प्रेषितांच्या कृत्यांच्या १७व्या अध्यायात बिरुयातले लोक आहेत. पौलाने सांगितलेलं खरं आहे का, हे ते रोज शास्त्रात शोधून पाहत. कोणाचं तपासत होते? साक्षात पौलाचं! आणि त्यांना उद्धट म्हटलेलं नाही, थोर मनाचे म्हटलंय. पौलाला तपासणी चालली, आणि आमच्या भाड्याच्या हॉलमधल्या माणसाला चालत नाही.

पौल तर स्वतःच नोंदी वेगळ्या ठेवतो. करिंथकरांच्या सातव्या अध्यायात लग्नाबद्दल लिहिताना एका ठिकाणी तो म्हणतो, हे प्रभूचं सांगणं. दुसऱ्या ठिकाणी, हे माझं, प्रभूचं नव्हे. तिसऱ्या ठिकाणी, याविषयी मला आज्ञा नाही, मत देतो. खातं वेगळं, व्हाउचर वेगळं. आजचा उपदेशक मात्र आपली सगळी मतं देवाच्या खात्यावर टाकतो.

आणि हे ओव्यांचे आकडे, ज्यांचा इतका धाक आहे? पौलाने घातलेले नाहीत, मत्तयाने नाहीत. अध्याय पाडले तेराव्या शतकात. नव्या कराराला आज चालतात ते ओव्यांचे क्रमांक रॉबेर एतिएन नावाच्या फ्रेंच छापखानदाराने १५५१ साली घातले, शोधायला सोयीचं पडावं म्हणून. दीड हजार वर्षं ही पत्रं लोकांनी पत्रं म्हणून अखंड वाचली. पानाचा नंबर म्हणजे मजकूर नव्हे, हे कुठल्याही कारकुनाला कळतं.

एकेक ओवी सुटी काढून काय होतं याचा मोठा दाखला हवा असेल तर अमेरिका पाहा. दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा, ही इफिसकरांच्या पत्रातली ओवी दाखवून तिथल्या पाळकांनी गुलामगिरीचं समर्थन केलं. वेस्लीने १७७४ सालीच गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली होती. तरी त्याच्याच नावाने चालणारी मेथोडिस्ट मंडळी १८४४ साली गुलाम बाळगणाऱ्या एका बिशपावरून दुभंगली. जोडली गेली १९३९ साली. दोन्ही बाजू बायबल हातात घेऊनच भांडल्या. गुलामगिरीच्या बाजूचे लोक ओवी दाखवत होते. विरुद्ध बाजूचे सगळं निर्गम दाखवत होते, संदेष्टे दाखवत होते, ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र हा भेद नाही हे गलतीकरांचं पत्र दाखवत होते. इतिहासाने निकाल कोणाच्या बाजूने दिला ते माहीत आहे. त्या काळीही विरोध करणाऱ्याला म्हणत असत, तू शास्त्राचा अधिकार मानत नाहीस.

आता माझ्यावरच्या आक्षेपाचं. म्हणतात, "अशी चौकशी केली की विश्वास ढिला होतो, ज्याला त्याला वाटेल तो अर्थ काढता येतो." अहो, वाटेल तो अर्थ सुट्या ओवीतून निघतो! पूर्ण अध्याय वाचला की वाटेल ते म्हणण्याची सोय कमी होते. मी मागतोय ते जास्त शास्त्र आहे, कमी नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करायला मला जड जात नाही. हे सभावाले लोक आजाऱ्याच्या घरी जातात, रात्री-बेरात्री प्रार्थना करतात, त्यांच्या पोरांना शास्त्र पाठ असतं. जुन्या मंडळ्यांतल्या अनेक घरांत बायबल चेनच्या कव्हरात बंद, नाताळला धूळ झटकायची. कोणी विचारलं तर "जुनं पुस्तक आहे हो, चांगलं वागलं की झालं" असं म्हणायचं. हाही अधिकार नाकारण्याचाच प्रकार आहे, फक्त सभ्य. एकाने शास्त्र काठीसारखं वापरलं, दुसऱ्याने शोकेसमध्ये ठेवलं. वाचलं कोणीच नाही. आणि आपण वाचत नाही म्हणून तर आपल्या विधवेच्या दारात कोणीतरी ओवी घेऊन येतो आणि ती एकटीच त्याला तोंड देते. तिच्या बाजूला अध्याय घेऊन बसणारं कोणी नव्हतं.

तेव्हा माझ्या समाजबांधवांना स्पष्ट मागणी करतो. पंच कमिटीवरच्या मंडळींनीही वाचावं.

उपदेशकाने ओवी सांगितली की आपलं पुस्तक उघडा. मोबाइलवर फॉरवर्ड आलेली ओवी चालणार नाही. मागच्या दहा, पुढच्या दहा ओव्या वाचा. कोणी कोणाला लिहिलंय, कशावरून लिहिलंय, ते विचारा. त्यानेच उत्तर द्यावं. रागावला तर समजून घ्या की बिरुयाच्या लोकांसमोर तो टिकला नसता.

कोणीही औषध बंद करायला सांगितलं तर आधी डॉक्टरला विचारा आणि सांगणाऱ्याचं नाव पाळकांना कळवा. प्रार्थना जरूर करा. मीही येतो प्रार्थनेला. सुई घेऊन झाल्यावर करू.

ठेव मोडायची, दागिने विकायचे, घरावर कर्ज काढायचं असं अर्पण कोणी मागितलं तर एक आठवडा थांबा आणि घरच्या दोन माणसांशी बोला. माझ्याकडे आलात तरी चालेल, हिशेब बघायला मी फी घेत नाही. आणि जो अर्पण घेतो त्याने वर्षाचा हिशेब वाचून दाखवावा. पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा कोणी बोट दाखवू नये म्हणून सोबत दुसरी विश्वासू माणसं ठेवली होती. करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय काढा, लिहिलंय.

आणि त्या निवृत्त बाईंना पुढच्या घरगुती सभेत शास्त्रपाठ घ्यायला बोलवा. विषय मी सुचवतो, रोमकरांचा १६वा अध्याय. पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत.

माझं चुकतंय असं ज्यांना वाटतं त्यांनी खाली जरूर लिहावं. शिव्या चालतील, वयाचा मान ठेवला नाही तरी चालेल. फक्त एक अट. ओवी लिहाल तर पूर्ण अध्याय वाचून लिहा, मी तो काढूनच तुम्हाला उत्तर देणार आहे.

— एक निवृत्त बँक अधिकारी, बेळगाव